तीन कप्प्यांचं ड्रेसिंग टेबल

मलाक्का, ३ जून १९७५

कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात आम्हां दोघींना मिळून एकच आरसा होता, तळहाताएवढा. एकीने केस विंचरायचे, दुसरीने वीसपर्यंत मोजायचं. वीस झाले की स्वी निओ बरगडीत कोपर मारायची: "सरक गं भवाने, आता माझा नंबर!"

आज तिच्याच घरात राहायला आले. मरताना घर माझ्या नावावर करून गेली वेडी. झोपायच्या खोलीत तिचं सागवानी ड्रेसिंग टेबल आहे. तीन कप्पे, कडेने कोरलेली शेवंतीची फुलं, त्यांवर सोनेरी मुलामा. आरशावर पांढरं कापड होतं. तिची जुनी मोलकरीण आह यिन कळवळून सांगत होती, तिला जाऊन शंभर दिवस भरू द्या, बीबिकबाई, मग काढा. मी हसले. नन्सच्या हाताखाली वाढलेली मी. कापड काढून धुवायला टाकलं.

८ जून

रविवार. बर्नाडेट आली, माझी एकुलती एक. बदकाचं आंबट सूप आणलं होतं. म्हणाली, आई, दहा वर्षांनी लहान दिसतेस, कुणावर डोळा आहे की काय? आरशात दिसते खरी. वरच्या कप्प्यात माझी चांदीची पिन सापडली, लग्नानंतर लगेच हरवलेली. इथे कशी आली असेल? डोळे भरून आले.

१२ जून

आह यिनने विचारलं, साहेबांच्या फोटोला फुलं वाहू का? कोण साहेब, म्हटलं मी. ती हसली, मग हसायची थांबली. माझाच नवरा. आठवायला दुपार झाली.

आरशात माझे केस काळे आहेत. ओठ मी मिटले होते, आरशातले हलत होते. "दहा."

१५ जून

बर्नाडेटला मी सिस्टर म्हटलं. ती रडली. आरशावर कापड टाकलं.

१६ जून

कापड घडी होऊन मधल्या कप्प्यात. आह यिन शपथ घेते, तिने हात लावला नाही. त्याच्यावर माझी शाळेतली निळी फीत. मी मागितली नव्हती. एक वस्तू परत येते, आणि माझ्यातलं काहीतरी —

१८ जून

बर्नाडेटकडे निघून जायचं. पिशवी भरली. पण तिचा पत्ता — आह यिनलाही ठाऊक नाही. सोळा.

२१ जून

मी साराँग नेसले आहे. आरशात शाळेचा गणवेश. एकोणीस. मागे कुणीतरी —

२२ जून

हात चालतोय तोवर लिहिते. चांदीची पिन आह यिनला. जपमाळ शाळेला. टेबल कुणालाच नको, फोडा, जाळा. बाकी सगळं माझ्या मुलीला. तिचं नाव ब — हनुवटीवर तीळ आहे, सूप आणते —

जिन्यावर पावलं. आई, आई म्हणतेय.

वीस. बरगडीत कोपर.

"आले हं, राणी," माझ्याच तोंडून कुणीतरी म्हणालं. मी नाही. बाळा, ती मी ना