न टाकलेलं पाकीट

रविवार, ४ फेब्रुवारी २००१

कर्ट आज तीन खोकी घेऊन आला. कॉम्प्युटर, पडदा, प्रिंटर. बर्नीच्या वाढदिवसाला! मी तिला लोकरीचे हातमोजे आणले होते. ते अजून टेबलावरच पडलेत.

जावई जेवायला येतो, जेवून जातो, एवढंच मला माहीत होतं. हा आमच्या जेवणाच्या खोलीत तारा पसरून चार तास बसला. बर्नी त्याच्या मागे खुर्ची घेऊन. "अय्या, हे असं होतं होय!" दर दोन मिनिटांनी. सदतीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्या गोष्टीला तिनं अय्या म्हटलंय?

मग त्यानं माझाच चाकू मागून तिन्ही खोक्यांवरच्या रेघारेघांच्या पट्ट्या कापल्या. त्या, पावती आणि एक फॉर्म पोस्टानं कंपनीला पाठवायचा. मग म्हणे दोन महिन्यांनी किमतीतली सूट म्हणून एकशे ऐंशी डॉलरचा चेक घरी येतो. पाच मार्चपर्यंतचा पोस्टाचा शिक्का हवा. एक दिवस उशीर झाला तर एक पैसाही नाही.

पाकीट माझ्या हातात देत म्हणाला, "बाबा, तुम्ही चौतीस वर्षं टपाल वाटलंत. तुमच्याइतकं भरवशाचं कोण?"

मला लेन म्हण, असं त्याच्या लग्नातच सांगितलं होतं. तरी बाबाच.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेलो. झाकण उघडलं. पाकीट तसंच घेऊन परत आलो. थंडी फार होती.

थंडीचं कारण कुणाला सांगतोय मी?

रविवार, ११ फेब्रुवारी

बर्नीनं पिरोगी केले. बटाट्याचे, करंजीसारखे दुमडून उकडलेले, वरून लोण्यात परतलेला कांदा. मला डॉक्टरांनी लोणी बंद केल्यापासून या घरात पिरोगी झाले नव्हते. कर्टनं चौदा खाल्ले. मी मोजले.

नंतर तो तिला माऊस धरायला शिकवत होता. हातावर हात ठेवून. आपल्या सासूचा हात! मी वर्तमानपत्र उलटंसुलटं करत राहिलो. सदुसष्टाव्या वर्षी मला हे व्हावं — कुणाला सांगितलं तर हसेल.

पाकीट गाडीच्या कप्प्यात आहे.

रविवार, २५ फेब्रुवारी

आता दार लोटून घेतात. प्रिंटर खरखरत असतो. मी आत गेलो की दोघं गप्प. "काय चाललंय?" विचारलं. "चर्चचं पत्रक," बर्नी म्हणाली. चर्चच्या पत्रकाला दार लावावं लागतं?

मंगळवार, २७ फेब्रुवारी

ईस्टरआधीचे उपवास सुरू व्हायच्या आधीचा दिवस. बर्नीनं पहाटे बेकरीबाहेर रांग लावून डझनभर जॅमभरल्या, तळलेल्या पॉन्चकी आणल्या. त्यातल्या आलुबुखाऱ्याच्या सगळ्या वेगळ्या डब्यात. "या कर्टला आवडतात."

मलाही आवडतात. १९६४ पासून, लग्नापासून आवडतात.

सोमवार, ५ मार्च

साडेचारला पोस्टाबाहेर गाडी लावली. पाकीट मांडीवर. काचेतून खिडकीवरची रीटा दिसत होती, तिनं हात केला. मीही केला. दोन मिनिटांचं काम. उतरायचं, द्यायचं, शिक्का मारून घ्यायचा.

पाचला तिनं खिडकी बंद केली.

मी बसूनच होतो.

मंगळवार, ६ मार्च

अठ्ठ्याहत्तरच्या बर्फात सगळं शहर बंद होतं, तेव्हाही माझ्या पिशवीतलं एक पत्र मागे राहिलं नाही. आणि हे.

रविवार, १८ मार्च

"टाकलंत ना, बाबा?" कर्टनं जेवताना विचारलं.

"टाकलं."

इतकं सोपं असतं तर! बटाटे ताटातच ठेवून उठलो.

रविवार, २९ एप्रिल

आजचं आजच लिहितो.

कर्ट येऊन बसला तोच चिडलेला. शुक्रवारी कंपनीला फोन केला होता. अर्धा तास ताटकळत ठेवलं आणि सांगितलं, आमच्याकडे काहीच आलेलं नाही. "पोस्टानंच हरवलं असणार! कुणाला कामाची पर्वा राहिलीय का हल्ली?"

बर्नीनं चमचा खाली ठेवला. "या घरात टपालवाल्यांना नावं ठेवायची नाहीत, कर्ट. लेननं आयुष्यात एक पत्र हरवलेलं नाही."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. उठलो. गाडीतून पाकीट आणलं, त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"मी टाकलंच नाही."

"विसरलात?"

"नाही."

"मग?"

साठीच्या पुढचा माणूस काय सांगणार? सांगितलं. "ती तुझ्याकडे बघून हसते म्हणून."

कर्टचा चेहरा पांढरा पडला. एकशे ऐंशी डॉलरसाठी एवढा? मी म्हटलं, मी देतो, आत्ता देतो. त्यानं मान हलवली, कोट घेतला, बाहेर जाऊन गाडीत बसला. बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

सोमवार, ३० एप्रिल

बर्नी बोलत नाही. बशा मात्र आपटत नाही, हे जास्त वाईट.

बुधवार, २ मे

सकाळी आमच्या मुलीचा, मॉरीनचा फोन. रडत होती. कर्टची नोकरी फेब्रुवारीतच गेली — कॉम्प्युटर आणल्यानंतर दहा-बारा दिवसांत. रोज डबा घेऊन निघायचा आणि वाचनालयात बसायचा. तिला, स्वतःच्या बायकोला, काल रात्री सांगितलं.

"आईला मात्र पहिल्यापासून माहीत होतं, बाबा. तुमच्याकडेच बसून दोघं अर्ज लिहीत होते. तीच त्याला हसवत ठेवायची, नाहीतर तो कोसळलाच असता."

फोन ठेवला. बर्नी इस्त्री करत होती. विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

तिनं वर पाहिलं नाही. "तू मनातून खूश झाला असतास, लेन."

झालो असतो.