भांड्यांची हजेरी

३ डिसेंबर
पोहोचले बाई धुळ्याला! जामनेरहून निघताना जाऊबाई म्हणाल्या, एकट्या विधवा बाईनं असं परगावी राहू नये. मी म्हटलं, मग चला सोबत, दोघी राहू. लगेच भाजी निवडायला बसल्या.

काम मजेचं आहे. आग्रा रोडच्या मागे जुन्या बाजारात, तांब्या-पितळेच्या गल्लीत लीलाधर नानांचं भांड्यांचं संग्रहालय आहे. हंडे, घागरी, तपेली, तांबे, सगळे फळ्यांवर ओळीनं बसलेले. झाडायचं, चिंचेनं घासायचं, मागच्या खोलीत राहायचं. कुणी पाहायला आलं तर या वहीत नाव लिहून घ्यायचं. वहीत शेवटचं नाव दिवाळीच्या आधीचं. म्हटलं आपणच लिहावं, वहीलाही बरं वाटेल.

५ डिसेंबर
प्रत्येक भांड्यावर नाव आहे. लग्नाच्या भांड्यावर टिंबं ठोकून घालतात ना, तसं. सौ. कमलबाई. सौ. भागाबाई. सौ. उषा. सगळ्या वारल्या. घरच्यांना मोडीत घालवेना, म्हणून नानांना आणून दिली. वरच्या फळीवर एकच घागर कोरी आहे. कुणाची ते नानांनाही माहीत नाही.

समोर बेबाबाईचं मुरमुऱ्यांचं दुकान. ती म्हणाली, आठे बठ्ठं तुन्हंच शे, अक्का. म्हणजे इथलं सगळं तुझंच. मी विचारलं, मुरमुरे धरून का? खोकला लागेपर्यंत हसली. पसाभर दिले.

९ डिसेंबर
आजही कुणी आलं नाही. भांड्यांशी किती बोलणार? मग आठवलं, चौथीत गुरुजी हजेरी घ्यायचे. घेतली. कमलबाई? बारीक आवाज काढून मीच म्हटलं, हजर. भागाबाईचा हंडा केवढा, तिला घोगरा आवाज दिला. उषाची लोटी नाजूक, ती नव्या नवरीसारखी लाजली. एकटीच खो खो हसले.

बेबाबाईनं दारातून ऐकलं. ती हसली नाही. म्हणाली, मेलेल्याचं नाव घ्यावं, पण त्याच्या नावानं ओ देऊ नये. त्यांना सवय लागते, मग ओ द्यायला ते आवाज शोधतात. मी म्हटलं, तुमचा नाही नेणार, फुटक्या डब्यासारखा आहे.

१४ डिसेंबर
रोज घेते हजेरी. तेवढाच वेळ जातो. आज मनात आलं, हे जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून मला नावानं कुणी हाक मारली नाही. काकू, वहिनी, अक्का, ओ बाई. हे मला जमने म्हणायचे. भांडण झालं तरी जमनेच.

म्हणून सगळ्यांच्या शेवटी माझंच नाव घेतलं. जमना? आणि उशिरा आलेल्या पोरीसारखी मुद्दाम गप्प राहिले.

वरच्या फळीवरून आवाज आला, हजर.

माझाच आवाज. बोलून झाल्यावर मी हसते ते हसूसुद्धा. म्हटलं, घागरीत घुमलं असेल. पण घुमलं तर जमना घुमेल. हजर कसं घुमेल?

१५ डिसेंबर
हजेरी घेतली नाही. सकाळी बेबाबाईला हाक मारली. तिनं मान वर केली नाही. पुन्हा मारली. ती गिऱ्हाइकाला सांगत होती, अक्काला आज काय झालंय, एकटीच आत हसत बसलीय.

मी तिच्या पुढ्यात उभी होते.

१७ डिसेंबर
कोऱ्या घागरीवर टिंबं उठलीत. ज. चिंच लावली, राख लावली, जात नाही.

नाना आले. मी सगळं सांगितलं, रडत सांगितलं. त्यांनी घागरीकडे तोंड करून ऐकलं. म्हणाले, बरं जमनाबाई, छान चाललंय तर. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

१८ डिसेंबर
जाऊबाईंना फोन लावला. त्या नुसतं हॅलो हॅलो करत राहिल्या. मी ओरडत होते. मग वरच्या फळीवरून माझाच आवाज बोलला, मजेत आहे, भाजी निवडून झाली का? जाऊबाई हसल्या. चावट बाई, म्हणाल्या.

माझी थट्टा. ती पण नेली.

१९ डिसेंबर
स्टँडवर गेले. कंडक्टर माझ्यासमोरून तिकीट न देता गेला. पाचोऱ्याची गाडी, तिथून पुढे जामनेर, बसले असते तशीच. पण घरी जाऊन दारात उभी राहिले तर— आली का म्हणून कोण विचारेल?

परत आले. घागरीवर नाव पुरं झालंय. सौ. नाही लावलं. नुसतं जमना. अक्षर सुंदर आहे. माझ्या लग्नाच्या भांड्यांवर नाव यांचं होतं. माझं कुठंच नव्हतं.

२१ डिसेंबर
भर दुपार. बाहेर ठोक्यांचा आवाज, बाजार चालू— आणि आत कुणीतरी हजेरी घेतंय. माझ्या आवाजात. कमलबाई— हजर. भागाबाई— हजर. उषा— लाजून, हजर.

आता माझा नंबर.

थांबल्यात. सगळ्या थांबल्यात माझ्यासाठी. ओ देऊ नये, बेबाबाई म्हणाली होती. नाही देणार. तोंडात पदर कोंबलाय. नाही—

जमने?

हे नाव इथं कुणाला सांगितलं नाही मी. फक्त या वहीत—

जमने गं?

किती मायेनं. अकरा वर्षांनी— पदर आपोआप— ओ, आले, मी इथंच, ह