देवांच्या जागेवरची नदी

राजूर, १४ मार्च १९५७, संध्याकाळ

फार थकलोय. दिवसभर शाळेत शिकवत उभा, आणि घरी आल्यावर हे.

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर बाबांनी देवांच्या तसबिरी उतरवल्या. तेव्हापासून धुरकट भिंतीवर पांढरे चौकोन उरलेत आणि आई रोज तिकडे बघत बसते. म्हणून आज शाळेतल्या फाटक्या पुस्तकातलं एक रंगीत चित्र आणून तिथे लावलं. शंभर वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज चित्रकाराचं. शांत नदी, झाडं, पाण्यात उभी गाय. बायको गेल्यावर तो रोज याच काठावर येऊन बसायचा, असं पुस्तकात लिहिलंय.

बाबा खाणीतून आले, तर आई चित्रासमोर हात जोडून उभी!

"आता याले देव करतं का? काढ ते!" बाबा ओरडले.

"सवयीनं जुळले जी हात," आई म्हणाली. "नदी हाय ते. पाहून बरं वाटते."

बाबांनी चित्र काढायला हात उचलला. मग तसेच बघत राहिले. गाईकडे? की पाण्याकडे? "राहू दे," एवढंच म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

आईने हळूच मला विचारलं, "त्या नदीवर पानी भरायले कोणी अडवत नसन ना रे?"

"नाही," मी म्हटलं. मला काय माहीत? चित्रकाराने काठावर एकही माणूस काढलेला नाही. म्हणूनच इतकं शांत असेल का सगळं? आईला हे सांगवलं नाही.