निम्म्या भाड्याची खोली

प्रिय ताई,

साष्टांग घालायला खोलीत तेवढी लांबी नाही, म्हणून बसल्या जागेवरून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? थांबला असेल तर कोणत्या औषधाने ते कळव, आणि ते नुसतंच थांबला म्हणत असतील तर विश्वास ठेवू नकोस. इकडे मी ठीक आहे. (मी ठीक. दाराबद्दल पुढे लिहिते.)

तुझं पत्र मिळालं. ती गल्ली ताबडतोब सोड, रविवारी भाऊजी टेम्पो घेऊन येतील आणि तुला परत त्या सोसायटीत नेऊन सोडतील, भाड्यातला फरक आम्ही भरू, असं तू लिहिलंस. वाचून बरं वाटलं आणि रागही आला. त्रेपन्नाव्या वर्षी मी कुठे राहायचं ते भाऊजींनी ठरवायचं, हे काही मला पटत नाही. पण तू उगाच घाबरलीस असंही म्हणणार नाही. खोली निम्म्या भाड्याला मिळतेय म्हटल्यावर पहिला संशय मलाच आला. बावीस वर्षं कारखान्यात शर्ट तपासतेय मी. वरून कितीही झकास दिसू दे, उलटा करून शिवण बघितल्याशिवाय शर्ट पुढे सरकवत नाही. खोलीही तशीच बघितली. खिडकीचे गज हलवले, मोरीची जाळी उचलली, दारावरची जुनी भोकं मोजली. (सहा. एका दाराला सहा भोकं कशाला लागतात?) घरमालकीण शेजारच्याच खोलीत राहते. तिला सरळ विचारलं, भाडं इतकं कमी का? म्हणाली, गल्लीतला दिवा कायम बंद असतो आणि मागच्या वर्षी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याचीच सायकल चोरीला गेली, म्हणून कोणी येत नाही. इतकं खरं कोणी आपणहून सांगतं का? हिला याहून मोठं काहीतरी लपवायचं असणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

तरी घेतली. सोसायटीत पगाराचे तीन वाटे केले तर दोन भाड्यात जायचे आणि उरलेल्यात मी कसंबसं भागवायचे. घेतली, पण डोळे उघडे ठेवून. किल्लीवाल्याला बोलावून दाराला तीन लॅच बसवून घेतले. दोन दिवस रजा काढून सामान लावलं. सोमवारी कामाला निघाले, तर अख्खी गल्ली माझ्यावर टपून बसलेली. घरमालकीण विचारते, परत कधी येणार? सकाळीच ज्याच्याकडे पडदा टाकला होता तो इस्त्रीवाला विचारतो, कधी येणार? कोपऱ्यावर सायकलवाला, त्याचंही तेच. आता तूच सांग, एका बाईची परतायची वेळ तिघांना कशाला हवी? मी काही दुधखुळी नाही. घरमालकिणीला सात सांगितलं, इस्त्रीवाल्याला पाच आणि सायकलवाल्याला सहा. खरी वेळ साडेसातची. शिवाय आत कोणीतरी आहे असं चोराला वाटावं म्हणून खोलीत रेडिओ मोठ्याने लावून ठेवला होता. अशी चोख व्यवस्था करून मी दिवसभर निवांत शर्ट तपासले.

साडेसातला येऊन बघते तर माझं दार भिंतीला टेकून उभं. तिन्ही लॅच जागच्या जागी, अगदी शाबूत. बिजागऱ्या तेवढ्या काढलेल्या. (दार बाहेर उघडतं, बिजागऱ्याही बाहेरूनच. हे माझ्या नजरेतून सुटलं, हे कारखान्यात कोणाला सांगू नकोस.) आत सायकलवाला हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन मोरीत डोकावतोय आणि खोलीच्या मधोमध इस्त्रीवाला माझा पडदा घेऊन उभा! मी आरडाओरडा करत जेवणाचा डबा त्याच्या खांद्यात घातला. (डबा चेपला. त्याला काही झालं नाही.) तेवढ्यात घरमालकीण आली, मला मिठी मारली आणि मग असं काही झापलं की आईची आठवण झाली. "अगं, मेलीस म्हणून रडून झालं की माझं!"

झालं होतं ते असं. पाचला मी आले नाही म्हणून पडदा घेऊन थांबलेला इस्त्रीवाला सायकलवाल्याकडे गेला. तो म्हणाला सहाला येणार. सहा वाजून गेल्यावर दोघं घरमालकिणीकडे. ती म्हणाली सात. तिघांना तीन वेगवेगळ्या वेळा सांगणाऱ्या बाईची तब्येत काही बरी नसावी, असा त्यांनी अंदाज बांधला. सात वाजून गेल्यावर दार ठोठावलं, तर आत रेडिओ चालू आणि उत्तर नाही, म्हणून मी आत पडलेय समजून दारच काढलं. सायकलवाला वेळ विचारतो ते का, माहितीये? गल्लीत दिवा नाही म्हणून कामावर गेलेली शेवटची बाई घरी पोचेपर्यंत तो दुकानाचा बल्ब चालू ठेवतो. मी खजील झाले. (तरी सगळे गेल्यावर सामान मोजलं. चमचेसुद्धा.) त्या रात्री दार बसवता आलं नाही, तर घरमालकीण दाराच्या जागी खाट टाकून झोपली. घोरते फार.

ताई, तुला एक कळवलं नव्हतं. सोसायटीत मला चार दिवस सडकून ताप होता. खाली पहारेकरी, जिन्यात कॅमेरे, आणि चार दिवसांत माझं दार कोणी वाजवलं नाही. पाचव्या दिवशी पहारेकऱ्याने वाजवलं, त्याच्या वहीत माझी सही राहिली होती म्हणून. तेव्हा मी खरंच घाबरले होते. इथेही भीती वाटतेच. दिवा बंद आहे, सायकल गेली ती गेलीच, आणि एवढा चांगुलपणा कोणी फुकट करत नाही, भाडं वाढवायचा बेत असणार. मी लक्ष ठेवून आहे.

तुझी धाकटी

ता. क. रविवारी टेम्पो येऊ दे, पण रिकामा नको. तुझ्याकडे पडलेला माझा पलंग, शिलाई मशीन आणि आईचं कपाट त्यात भरून पाठव. मी इथेच राहणार आहे. भाऊजींना हे तूच सांग, टेम्पो निघाल्यावर.

दुसरा ता. क. हे पत्र पेटीत टाकायला इस्त्रीवाला घेऊन जाणार आहे. कोणाला लिहिलंय, म्हणून विचारलं त्याने. खरं सांगितलं, ताईला. पाकीट मात्र दोनदा चिकटवून देणार आहे. तुला एकदाच चिकटवलेलं मिळालं, तर उलट टपाली कळव.