एकदाच विचारलंत

ताइनान, शनिवार

प्रिय चुआंग सर,

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला मोठ्याने बोलायला आवडत नाही, म्हणून हे पत्र. माझं विमान येत्या शुक्रवारचं आहे. मी निवृत्त होते आहे म्हणून शाळेने खोली रिकामी करायला सांगितली आहे, कॅनडात पुतणीने माझ्यासाठी घराचं तळघर रंगवून घेतलं आहे, माझी चार खोकी बांधून झाली आहेत. मला जायचं नाही. हे अजून कुणाला बोललेले नाही, तुम्हाला पहिल्यांदा सांगते आहे.

शाळेतला गुलमोहर यंदा वेड लागल्यासारखा फुलला आहे. दुपारी साडेबाराची घंटा झाली की अजूनही सगळ्या मुली बाकांवर डोकं टेकून झोपतात आणि जागे राहतात ते फक्त पंखे. काल मी शेवटची एकदा वर्गावर्गांतून फिरले. गालांवर वह्यांच्या कडांचे वळ, अर्धवट उघडी तोंडं, खिडकीतून आत आलेल्या पाकळ्या. एक मुलगी झोपेतच बोटांनी काहीतरी मोजत होती. वाटलं, छत्तीस वर्षं मी ही एकच दुपार चालते आहे, मुली तेवढ्या बदलतात. पहिल्या वर्षी मी मुख्याध्यापिकांना विचारलं होतं, "अभ्यासाच्या वेळेत ही झोप कसली?" त्या म्हणाल्या, "तुम्हीही झोपा, चेहरा जरा बरा दिसेल." मी झोपले नाही. देखरेखीला तुम्हीही जागे असायचात. बोलायला बंदी, म्हणून आपण चिठ्ठ्या लिहायचो.

तुमचा विषय रसायनशास्त्र, पण कधीकाळी इंग्रजीची कुठलीशी परीक्षा पास झालात म्हणून शाळेच्या साऱ्या इंग्रजी पाट्या तुमच्या गळ्यात पडल्या. चिठ्ठीवर मजकूर यायचा, मी लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवायची. प्रयोगशाळेसाठी तुम्ही लिहिलंत, 'स्फोट करण्यापूर्वी शिक्षकांची परवानगी घ्यावी.' तळ्याशी, 'मासे विचारात आहेत, हात घालू नये.' जेवणाच्या यादीत 'घाबरलेली वांगी'. आजारी मुलींच्या खोलीवर 'येथे आनंदाने आजारी पडा'. मी सगळं सरळ करून दिलं आणि आठवड्याने पाट्या लागल्या त्या तुमच्याच शब्दांत. मी भडकले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "रंगाऱ्याने आधीच रंगवून टाकल्या होत्या, बाई. पण तुमचंच बरोबर आहे."

"मग मला दाखवता कशाला?"

"बरोबर काय ते कळायला नको का?"

जिन्यावरची पाटी तर मला सगळ्यांत असह्य व्हायची: 'हळू चाला, शाळा स्वप्नात आहे.' मी 'शांतता राखा' सुचवलं होतं. काल तो जिना उतरताना मी चपला हातात घेतल्या.

तुमच्या पत्नी सूयुन गेल्या, तुम्ही निवृत्त होऊन युजिंगला भावाच्या आंब्याच्या बागेत राहायला गेलात, त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून दुपारी मी एकटीच जागी असते. चिठ्ठ्या नाहीत, त्यामुळे लाल शाईची बाटली वाळून गेली.

गेल्या हिवाळ्यात, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, तुम्ही मला जेवायला बोलावलंत. आल्याच्या गोड पाण्यातले तांदळाच्या पिठाचे गोळे स्वतःच्या हाताने केले होतेत, एकही गोल नव्हता. वाटी संपल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणालात, "वरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. निवृत्त झालात की इथे या. कायमच्या." मी म्हणाले, "छे, छे, नको. तुम्हाला कशाला त्रास?" तुम्ही मान हलवलीत, चहा ओतलात आणि आंब्यावरच्या किडीबद्दल बोलू लागलात. मी वाट बघत राहिले. तीन पेले चहा झाला. बसथांब्यापर्यंत तुम्ही सोबत आलात, मी मुद्दाम सावकाश चालले. धुक्यात झाडं उभ्याउभ्या झोपल्यासारखी दिसत होती. बस आली. तुम्ही संत्र्यांची पिशवी माझ्या हातात दिलीत आणि "सांभाळून जा" म्हणालात.

सहा महिने मी तुमच्यावर रागावले होते. वाटलं, नुसतं तोंडदेखलं विचारलंत. परवा खोकी बांधत असताना माझ्या दाराशी दोन तरुण शिक्षिका एका वाफवलेल्या पावावरून हुज्जत घालत होत्या. "घे." "नको गं." "घे ना!" "अगं, पोट भरलंय." "नाटकं पुरे, घे मुकाट्याने!" तिसऱ्यांदा म्हटल्यावर तिने घेतला आणि तिथेच उभ्याने खाल्ला. मी दोरी हातात धरून बसूनच राहिले. कॅनडातून इथे आल्याच्या तिसऱ्या वर्षी तुम्ही मला असाच पाव देत होतात, आणि सगळ्यांसमोर मी तुम्हाला झापलं होतं: "चुआंग सर, आमच्याकडे नको म्हणजे नको. एकदा विचारायचं, उत्तर ऐकायचं आणि विषय संपवायचा. पुन्हा विचारणं हा अपमान आहे." तुमचे कान लाल झाले. तुम्ही ते वहीत लिहून घेतलंत आणि त्यानंतर मला कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली नाहीत. त्यापायी मी किती दुपारी उपाशी काढल्या ते सांगत नाही. मी शिकवलेल्यातला हा एकच धडा तुम्ही चोख पाळलात. आणि मी? इतकी वर्षं राहून इथलीच झाले. ते "नको" मी इथल्या बायका म्हणतात तसं म्हणाले होते.

म्हणून हे पत्र. माझी शिकवण मी मागे घेते. शुक्रवारच्या आत या आणि पुन्हा विचारा. मी बहुधा नकोच म्हणेन, सवय आता जायची नाही. तिकडे लक्ष देऊ नका. खोकी जड आहेत, भावाची गाडी घेऊन या, आणि तिसऱ्यांदा विचारा.

तुमचीच,
हिल्डा