तोंडातल्या टाचण्या

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर धरलीय, तेव्हा अर्ध्यावरचाच गोड मानून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला आणि त्या खोकल्याचं कौतुक, दोन्ही आटोक्यात असेल अशी आशा.

पत्राचं कारण सांगते, पण हसायचं नाही. मी इंग्रजीच्या शिकवणीला जाते. लेक सुट्टीत परदेशातून नातीला घेऊन येतेय, आणि पोरीला इंग्रजीशिवाय काही येत नाही. आजी-नात पहिल्यांदा समोरासमोर येणार आणि आजी मुकी! म्हणून शिलाईचं दुकान लवकर बंद करून जाते. वर्गात मी, एक गवंडी, एक नर्सबाई आणि एक निवृत्त पोस्टमास्तर (जन्मभर सगळ्यांना दटावलं, इथे हजेरी देतानाही आवाज फुटत नाही). वाचलेलं मला सगळं कळतं गं. पण शिकवणाऱ्या बाईंचं बोट माझ्याकडे वळलं की डोक्याचा नुसता भुगा.

तुला ठाऊकच आहे, कपडा बेतताना माझ्या ओठांत टाचण्या असतात, आणि तेव्हा शिंपिणीशी कोणी बोलत नाही. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारं गिऱ्हाईकसुद्धा गप्प उभं राहतं. पहिल्याच दिवशी घाबरून, निव्वळ सवयीने, बाहीला टोचलेल्या टाचण्या ओठांत धरल्या. बाई थबकल्या आणि पुढच्याकडे वळल्या! झालं. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी बाकाखालून हळूच हात पसरला. मग गवंड्याने. (पोस्टमास्तरांनी रीतसर विनंती केली; कवळी आहे म्हणून मी नाही म्हटलं, तर अजून रुसलेत.) परवा बाई फळ्याकडून वळून बघतात, तो पोस्टमास्तर सोडून अख्खी रांग टाचण्या धरून बसलेली. त्यांनी सगळ्या काढून घेतल्या आणि बोट केलं ते नेमकं माझ्याकडे. मी उभी राहिले, तोंड उघडलं, आणि जे बाहेर पडलं त्याला इंग्रजीनेही ओळख दाखवली नसती. खाली बसले आणि चक्क रडले गं.

असो. बाकी सगळं ठीक.

तुझी,
धाकटी

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. तू टेलिफोन कचेरीत जन्मभर फाडफाड इंग्रजी बोललीस. नात येईल तेव्हा येऊन राहा. तू बोल, मी शेजारी बसून मान डोलवेन.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवणार तोच लेकीचा व्हिडिओ कॉल आला. मी टाचण्या धरूनच बसले (तुला सांगितलं नव्हतं, दर वेळी धरते, कामात असल्यासारखी). बघते तर नातीच्याही ओठांत केसांच्या पिना! लेक म्हणाली, "अगं, ती मराठी शिकतेय. पण तुझ्याशी बोलायचं म्हटलं की घाबरते. मग तुझं बघून हे सुरू केलंय."   मग मी टाचण्या काढल्या. तिनेही काढल्या. तिचं मराठी माझ्या इंग्रजीइतकंच भयंकर आहे, देवाची कृपा! खूप बोललो.

तू ये, जरूर ये. पण मध्ये इंग्रजी बोलायचं नाही. अगदीच राहवलं नाही, तर टाचण्या मी देईन.