सरांच्या कानातली शिट्टी

सर,

खोटं लिहू नये असं आम्हाला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलं, म्हणून 'सप्रेम' गाळून नुसता नमस्कार.

"कानात आवाज येतो हा पेशंटचा भ्रम. भ्रमावर संशोधन होत नसतं, बाई!" असं तेव्हा आपल्या संस्थेच्या भर बैठकीत म्हणून तुम्ही माझा प्रस्ताव फेटाळलात. मी दुसऱ्या संस्थेत जाऊन जन्मभर तेच काम केलं. निवृत्तीनंतरही या छोट्या दवाखान्यात तेच करते. आणि आज माझ्या दारात कोण उभं? तुम्ही, डावा कान धरून!

"सारखी शिट्टी वाजते हो. झोप नाही. घरात कुणाला पटत नाही."

तुमचं ते जुनं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं, हे उपकार समजा.

मग तुम्हाला हेडफोन लावून मी एकेक सूर वाजवत गेले. जाड, बारीक, आणखी बारीक. एकाएकी तुम्ही ओरडलात, "हाच! हाच तो!" तोच सूर मी तुमच्यासोबत आलेल्या वहिनींना ऐकवला. त्यांनी हेडफोन ओढूनच काढला.

"अगंबाई! हे तुम्ही दिवसभर ऐकता? आणि मी म्हणते, नाटकं करताय!"

तुम्ही ढसाढसा रडलात. मला तर टेबलावर चढून नाचावंसं वाटत होतं!

शिट्टी कदाचित जाणार नाही, सर. पण ती वाजत असताना झोपायला मी तुम्हाला शिकवीन. हे पत्र मात्र पाठवणार नाही, कारण पेशंटला टोचून बोलायचं नाही हा इथला नियम मीच केलाय. सोमवारी या. वहिनींनाही आणा.

तुमच्या कानाची हितचिंतक